सोळा मिलिसेकंदांची शिस्त

खेळ म्हणजे केवळ करमणूक, त्यामुळे रोजच्या सॉफ्टवेअरने त्यांच्याकडून शिकण्यासारखे फारसे काही नाही, हे एका वाचकाने प्रतिसादात मांडलेले मत मला पटले नाही. मी इंदुरात गेम तयार करण्याचे काम करतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात; तेवढ्यात बटणाची नोंद, हालचालींचे गणित, टकरींची तपासणी आणि रेखाटन एवढे सगळे उरकावे लागते. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला होता, हे मला आजही विलक्षण वाटते.

याउलट, रामबागेतल्या आमच्या घरी आई वीजबिल भरायला एक ॲप उघडते, तेव्हा बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच हलत नाही, म्हणून ती पुन्हा दाबते, आणि मागच्या महिन्यात त्यामुळे पैसे दोनदा कापले गेले. नेटवर्कचा उशीर टाळता येत नाही, हे मान्य; परंतु तो ऑनलाइन खेळांतही असतोच, आणि तिथे बहुधा सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता हालचाल लगेच दाखवतात व उत्तर आल्यावर गरजेप्रमाणे ती दुरुस्त करतात. पैशांच्या व्यवहारात निकाल आधीच दाखवणे अर्थातच चुकीचे ठरेल, पण बटण दाबले गेले आहे एवढे तरी त्याच क्षणी दाखवावे आणि ते तेवढ्यापुरते बंद करावे. त्यासाठी सर्व्हर लागत नाही. आईला मात्र वाटते की चूक तिचीच झाली, आणि याचेच मला सर्वाधिक वाईट वाटते.