जुलैत मॉरिटानियाला निघालेल्यांनी आधी पाण्याचा हिशेब मांडावा

निवडुंग (धागाकर्ता)

काल इथे 'उन्हाळ्यातलं सहारा : स्वस्त आणि रिकामं' असा लेख आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या वाळवंटी अद्रार भागात पर्यटक नसतात, गाडी आणि वाटाड्या कमी दरात मिळतात, उष्णता कोरडी असल्यामुळे बाधत नाही आणि नवतपा काढणाऱ्या विदर्भातल्या माणसाला ४५ अंशांचं काय कौतुक! खाली लोक तिकिटं काढायला निघाले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

नवतप्यात नागपूरकर दुपारी बारा ते पाच घरात असतो. खिडकीला कूलर, माठात पाणी, हाकेच्या अंतरावर दवाखाना. अद्रारच्या वाळवंटातल्या शिंगेटी गावात यातलं काय आहे? अद्रारचं मुख्य गाव अटार तिथून सुमारे ८० किलोमीटरवर, तेही कच्च्या घाटरस्त्याने. शिवाय ४५ हा आकडा सावलीतला, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर मोजलेला. त्याच वेळी उघडी वाळू ६५-७० अंशांवर असते. वरून ऊन, खालून वाळूची झळ. बुटाचा डकवलेला तळ सुटतो तो याच वाळूवर.

आता शरीराचा हिशेब. उन्हात चालताना तासाला लिटर-दीड लिटर घाम जातो. आतडी तासाला साधारण लिटरभरच पाणी शोषतात. म्हणजे कितीही प्यालात तरी भर दुपारच्या चालण्यात तूट वाढतच जाते. आणि ती कळत नाही, कारण घाम आल्याआल्या उडतो. सदरा कोरडाच राहतो, फक्त पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ दिसतात. 'कोरडी उष्णता बाधत नाही' या समजुतीचा खरा धोका हाच.

खजूरबन

पाण्याचा हिशेब बरोबर, निष्कर्ष एकांगी. ४५ अंश आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याच्या तापमापकावर (घामाने अंग किती गार होऊ शकतं ते यावरून कळतं, आकडा कमी तेवढं बरं) २१च्या आसपास आकडा येतो. मे महिन्यातल्या मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्क्यांना तोच आकडा २८च्या पुढे जातो. सावलीत बसलेल्या, पाणी पिणाऱ्या माणसाचं शरीर अटारमध्ये मुंबईपेक्षा सहज थंड राहतं. हे भौतिकशास्त्र आहे, समजूत नव्हे.

दुसरं. जुलै-ऑगस्ट हा अद्रारचा मेलेला मोसम नाही, 'गेत्ना'चा आहे. खजूर पिकतात, राजधानी नुआकशोतला स्थायिक झालेली कुटुंबं आपापल्या बागांत परततात, झावळ्यांच्या गोल झोपड्यांत मुक्काम करतात. हिवाळ्यात जाणारा प्रवासी वाळूचे डोंगर पाहून येतो, पण त्याला झाडावरचा ताजा खजूर खायला मिळत नाही आणि घरातली माणसंही भेटत नाहीत. उन्हाळ्यात जाणं हा वेडेपणा असता, तर तिथलेच लोक शहर सोडून तिकडे का गेले असते?

दिवस कसा काढायचा तेही ठरलेलं आहे. पहाटे पाचला बाहेर, साडेनऊला सावलीत. तेरजितसारख्या झऱ्याकाठच्या बागेत दुपार. पुन्हा साडेपाचनंतर हालचाल.

निवडुंग

तिथले लोक बागेत जातात, तिथेच राहतात आणि दुपारी हलत नाहीत. कालच्या लेखात तीन दिवसांत अटार, शिंगेटी, उआदान हे जुनं गाव आणि रिशातचं वर्तुळ (खडकांची प्रचंड गोलाकार रचना) असा बेत दिलाय. तुमचं वेळापत्रक पाळलं तर त्यातलं निम्मंही होत नाही. मग लोक दुपारी गाडी काढतात, आणि चाक रुतलं की फावडं धरतो तो ड्रायव्हर, ४५ अंशांत. कमी दर कोणाच्या जिवावर मिळतोय, याचा त्या लेखात उल्लेख तरी आहे का?

कडुनिंब

दोघेही वाळू मोजताय, औषधांचं कोणी बोलत नाही. रक्तदाबावरची लघवी वाढवणारी गोळी, सर्दीच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधं यांनी घाम कमी होतो किंवा शरीरातलं पाणी-मीठ बिघडतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका, आणि स्वतःहून गोळी बंदही करू नका.

नुसतं पाणी ढोसणंही घातक. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, नाहीतर रक्तातलं मीठ उतरतं : डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, झटके. आणि लोक त्यालाच ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. ओआरएसच्या तयार पुड्या नेल्या तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. 'जरा दाट करू' म्हणून अर्ध्या पाण्यात कालवू नका.

माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला की उष्माघात समजा, घाम येत असला तरीही. आधी थंड करा, मग हलवा. कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी, जोरात वारा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा यात काही उपयोग नाही. आणि कालच्या लेखाखाली खिशात कांदा ठेवायचा सल्ला देणाऱ्यांनी कृपया थांबावं. त्या विश्वासावर लोक टोपीसुद्धा घालत नाहीत.

मोगरा

इन्सुलिनचं काय करायचं? आईला तेवढ्यासाठीच नेता येत नाहीये.

कडुनिंब

चालू पेन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं, प्रकारानुसार फरक पडतो, खोक्यावरचा कागद वाचा. पाण्यात भिजवून वापरायच्या बाष्पीभवनाच्या पिशव्या मिळतात. कोरड्या हवेत त्या उत्तम चालतात, पण हवेशीर सावलीत टांगायला हव्यात. बंद बॅगेत कोंबल्या की वाया. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा कप्प्यात कधीच नाही. पण ताई, आईंना जानेवारीत न्या.

चाकोरी

वर रुतलेल्या चाकाचा उल्लेख आला, तिथेच खरी गोम आहे. उन्हाळ्यात माणसं अडकतात ती टायरच्या हवेमुळे. डांबरी रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर वाळूत शिरण्याआधी १८वर आणा. चाकाचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, गाडी तरंगते. रुतलात तर १५. बाराच्या खाली वळण घेतलं की टायर रिमवरून निसटतो.

खजूरबन

तापलेल्या टायरची हवा मोजून सोडू नये, हे कुठल्याही गॅरेजात सांगतात. संध्याकाळी गार झाल्यावर १८चे १२ होतील.

चाकोरी

नाही होत. ३५ पीएसआयचा टायर ३० अंशांवरून ६०वर गेला तर पाच पीएसआयने वाढतो, पण १८चा सुमारे तीननेच. तापलेला असताना १८ ठेवलात तर गार झाल्यावर पंधराच्या आसपास. वाळूत तेवढं चालतं. गॅरेजातला नियम डांबरासाठी आहे, तिथे तो पाळाच.

मोठी चूक उलट दिशेने होते. वाळूतून बाहेर आल्यावर 'अटारला जाऊन भरू' म्हणून तसेच सुसाट निघतात. अर्धवट हवेचा टायर ६०-६५ अंशांच्या डांबरावर ऐंशीने पळवला की बाजूची भिंत दुमडून दुमडून आतून तापते आणि फुटते. डांबर लागलं की थांबायचं, भरायचं, मगच पुढे. कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या भोकात नाही, थेट बॅटरीला लावायचा, नाहीतर फ्यूज जातो. त्या उन्हात दोन टायर भरले की स्वस्तातला कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. तो सावलीत ठेवा, मध्ये थांबू द्या.

निवडुंग

धागा उन्हाळ्यात जावं की नाही याचा आहे, टायरचा नाही.

चाकोरी

तोच आहे. तुम्ही माणशी पाणी मोजलंत, त्याचं वजन मोजलं नाहीत. चार प्रवासी आणि एक ड्रायव्हर, तीन दिवस, माणशी रोजचे १० लिटर : दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो. ते टपावर चढवलं की उतारावर गाडी कलंडते. खाली, मागच्या धुरेच्या पुढे, २० लिटरचे आठ कॅन. एकच मोठी टाकी नको, फुटली तर सगळंच गेलं. डिझेलचा कॅन काठोकाठ भरू नका. ३० अंशांच्या फरकाने २० लिटरमागे अर्धा लिटर फुगतं. आणि वाऱ्याच्या दिशेनेच गाडी जात असेल तर रेडिएटरला वारा लागत नाही, काटा चढतो. थांबा, तोंड वाऱ्याकडे करा, इंजिन चालू ठेवून हीटर पूर्ण सोडा. बंद केलंत तर पाण्याचा पंपही थांबतो आणि इंजिन आणखी तापतं.

खजूरबन

गाडीचं मान्य, बरंचसं. पण मला खरा राग आहे तो लोखंडाच्या मालगाडीवर चढून फोटो काढणाऱ्यांचा. किनाऱ्यावरच्या नुआदिबूहून खाणींच्या झुएरातपर्यंत ७०० किलोमीटर. जुलैत रिकाम्या वाघिणीचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही, आत ना सावली ना वारा, आणि वाटेल तिथे उतरायची सोय नाही. कालच्या लेखात हेही 'स्वस्त पर्याय' म्हणून दिलंय.

निवडुंग

निदान इथे तरी एकमत.

खजूरबन

एकमत तेवढ्यापुरतंच. ज्यांना सुटी जुलैतच मिळते त्यांनी नुआदिबूला जावं. तिथे थंड सागरी प्रवाहामुळे जुलैतही दुपारचा पारा बहुतेक वेळा तिशीच्या आत असतो. अद्रारला जायचं असेल तर अटारजवळच्या एकाच बागेत चार-पाच दिवस, रिशात वगळून. सैल सुती कपडे, डोक्याला तीन-चार मीटरचा हौली (तिथला फेटा), पुढे ओढून तोंडावरही.

निवडुंग

एकाच बागेत, दुपारी न हलता, रिशात वगळून : एवढं पाळणार असाल तर माझा विरोध नाही. पण कालच्या लेखातला एकही बेत यात बसत नाही. तिथे हे पाण्याचे आणि टायरचे आकडे टाका, तिकिटं काढणारे इथे येऊन वाचणार नाहीत.

चाकोरी

टाकतो. एक राहिलं : हवा मोजायचं मीटर दोन न्या. वाळू शिरून एक अडकतंच.