प्रेसशॉपमधला आवाज: सरासरी ९३ आली, तर इअरप्लग पुरेत का?

प्रश्न: भोसरीत पत्र्याच्या पार्ट्सचं प्रेसशॉप आहे. एका कामगाराची पाळी अशी: प्रेसवर ३ तास (९५ डीबीए, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल), ग्राइंडिंगला १ तास (१००), पॅकिंगला ४ तास (९०). सरासरी ९३ येते. सगळ्यांना २९ एनआरआरचे (पाकिटावर छापलेला, किती डेसिबल अडवतो तो आकडा) फोम प्लग दिलेत. चालेल का?

उत्तर १: डेसिबलची अशी सरासरी काढू नका, डोस काढा, म्हणजे प्रत्येक आवाजात घालवलेला वेळ भागिले परवानगीचा वेळ, आणि सगळ्यांची बेरीज. आपल्या कारखाने नियमांत ९० ला ८ तास, ९५ ला ४, १०० ला २. म्हणजे ३/४ + १/२ + ४/८ = १.७५, डोस १७५ टक्के. मर्यादा ओलांडलीच. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचा ८५ डेसिबलला ८ तास आणि दर ३ डेसिबलला निम्मा वेळ हा निकष लावला, तर हाच दिवस ९०० टक्क्यांच्या वर जातो, आणि कानाला तोच हिशेब जास्त लागू पडतो. डोसिमीटर (कामगाराच्या अंगावर लावायचं आवाज मोजण्याचं यंत्र) लावताना त्यात वेळ निम्मा करायला ३ डेसिबल धरले आहेत की ५, हे आधी तपासा. माइक खांद्यावर, कानापासून साधारण १० सेंमी. कॅलिब्रेशन आधी आणि नंतरही, ०.५ डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर ते रीडिंग टाकून द्या.

उत्तर २: प्लगचे २९ पूर्ण मिळत नाहीत. २९ मधून ७ वजा, त्याचं निम्मं: ११ धरा. तेही प्लग बारीक वळून, कान वर-मागे ओढून, फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवला तरच. नायॉशच्याच हिशेबाने, ३० डेसिबल अडवणारा प्लग ८ तासांत अर्धा तास जरी काढला, तरी संरक्षण १२ वर येतं.

उत्तर ३: प्लग शेवटी, आधी प्रेस बघा. पार्ट उडवायला हवेचा उघडा पाइप असेल तर कमी आवाजाचं नोझल लावा, प्रेशर पार्ट जेमतेम उडेल इतकंच ठेवा. जेटचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो, त्यामुळे थोडी कपातही लगेच जाणवते. पंचला शिअर द्या, म्हणजे धार तिरपी करा, मग पत्रा एकदम तुटत नाही. पार्ट घसरत जातात त्या शूटला आतून रबर लावा.

प्रश्नकर्ता: प्रेसला बंद केबिन केली तर?

उत्तर ३: करा, पण फटी बुजवा. १ टक्का उघडं राहिलं की केबिन कितीही जाड असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवत नाही. पार्ट बाहेर येतो ती खिडकीच बहुतेकदा नडते. तिथे आतून फोम लावलेला बोगदा करा.

उत्तर २: आणि पहिली ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) साप्ताहिक सुट्टीनंतर, पाळी सुरू होण्याआधी घ्या. किमान १४ तास गोंगाट नको, नाहीतर कानाचा तात्पुरता थकवाच कायमचा दोष म्हणून नोंदला जातो.