मदत हवी आहे: कोलंबियन पेयांमधली साखर कमी कशी करू? (आग्वापानेला, लुलादा, चाम्पूस वगैरे)

अँडीजची सून

नमस्कार मंडळी,

मी बोगोटात राहते, सासर कोलंबियन. सासूबाई मूळच्या काली शहरातल्या, म्हणजे देशाच्या नैर्ऋत्येकडच्या ऊसपट्ट्यातल्या. त्यांचा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.२ आला. मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी गोड पेयं बंद करायला सांगितली. केक, बिस्किटं, पेरूची वडी हे सगळं त्यांनी कुरकुर न करता सोडलं, पेयांवर मात्र घोडं अडलंय. 'बंद' नाही, 'कमी' चालेल, अशी तडजोड झाली आहे. ते कमी कसं करायचं ते माझ्याकडे लागलंय.

आधी इथली पद्धत सांगते, नाहीतर 'पाणी प्या ना' असे सल्ले येतील. इथे पेय हा जेवणाचाच भाग. साध्या खाणावळीत दुपारी सूप, भात, राजमा किंवा मांस, तळलेलं केळं आणि त्याबरोबर ग्लासभर फळाचा रस येतोच. रस पाण्यात हवा की दुधात, हे आवर्जून विचारतात. साखर घालू का, हे कुणी विचारत नाही. दुकानातल्या बाटल्यांचा प्रश्न सोपा आहे: जास्त साखर असली की वेष्टनावर काळा अष्टकोन असतो, आणि नोव्हेंबर २०२३ पासून असल्या पेयांवर वेगळा करही आहे. घरच्या पातेल्यावर ना अष्टकोन ना कर, त्यामुळे तिथे मोकळं रान.

आता एकेक अडचण.

आग्वापानेला. पानेला म्हणजे आपला गूळच, उसाचा रस आटवून केलेला. या गुळाच्या उत्पादनात भारत पहिला आणि कोलंबिया दुसरा. तो पाण्यात उकळला की झालं आग्वापानेला. थंडीत गरम, त्यात ताज्या चीजचे तुकडे टाकून. उन्हात गार, लिंबू पिळून. सर्दीतही हेच, तापातही हेच. 'पानेला नैसर्गिक आहे, ती काही साखर नव्हे,' असं सासूबाई ठामपणे सांगतात. पुण्याला फोन केला की आई गुळाबद्दल शब्दशः हेच ऐकवते, त्यामुळे मला दोन्हीकडून मार. मी वजन करून पाहिलं: आमच्या घरी लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम पानेला पडते. म्हणजे पाव लिटरच्या कपात २५ ग्रॅम, आणि कप दिवसातून दोनदा तरी होतोच. अडचण अशी की यातून गूळ काढला तर उरतं गरम पाणी.

लुलादा. हे कालीचं खास. लुलो हे वांग्या-टोमॅटोच्या कुळातलं फळ. बाहेरून केशरी, अंगावर बारीक खाजरी लव. ती ओल्या फडक्याने चोळून काढायची, फळ आडवं कापायचं आणि चमच्याने गर खरवडायचा. आत चार कप्पे, हिरवट काचेसारखा गर आणि खच्चून बिया. वास असा की लिंबू आणि अननस शेजारी कापून ठेवलेत. हा गर जगमध्ये घालून लाकडी चमच्याने ठेचायचा, मिक्सर अजिबात नाही. मग लिंबाचा रस, बर्फ, थोडं पाणी आणि साखर. साखर किती? एका जगमधल्या लुलादाला एक वाटी. निम्मी करून पाहिली तर दात आंबले आणि घरच्यांची तोंडं वाकडी झाली.

चाम्पूस. हेही त्याच भागातलं. मका मऊ शिजवायचा, थोडा वाटून दाटपणा आणायचा, त्यात लुलोचा गर, अननसाचे तुकडे आणि मेलाओ, म्हणजे पानेलाचा घट्ट पाक. पाकात दालचिनी, लवंग आणि आंबट संत्र्याच्या झाडाची पानं. नाताळात पातेलंभर होतं. पाक कमी केला की चव एकदम फिकी आणि पिठूळ लागते.

अवेना, म्हणजे ओट्स दुधात शिजवून, घोटून, गार करून प्यायचं पेय, ते बऱ्यापैकी जमलंय. कंडेन्स्ड मिल्क बंद केलं, दालचिनी आणि लवंग दुप्पट केली, साखर नावाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यावरून वाटलं की साखर प्रत्येक पेयात वेगळं काम करत असणार. अवेनात ती केवळ सवयीने पडत होती. लुलादात ती आंबटाशी झुंजते. आग्वापानेलात तर तीच पेय. म्हणून सगळ्यांना एकच उपाय नको, वेगवेगळं सांगा.

स्टीव्हिया (वनस्पतीपासूनचा बिनसाखरेचा गोडवा) वापरून झालाय. लुलोत एकवेळ चालतो, पण दुधात आणि आग्वापानेलात मागाहून ज्येष्ठमधासारखी चव रेंगाळते. सासूबाईंनी कप बाजूला सारला आणि 'हे औषध कशावरचं?' असं विचारलं.

---

खडीसाखर

आहारतज्ज्ञ आहे, म्हणून आधी रुक्ष भाग उरकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात वरून घातलेली साखर, गूळ, मध, पाक आणि फळांचा रस हे सगळं एकाच खात्यात जातं. दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ते बसवा, जमल्यास ५ टक्क्यांच्या. हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तुमच्या सासूबाईंचा पहिलाच कप जवळजवळ तेवढा भरतो. त्यामुळे पानेलाऐवजी मध किंवा खजूर हा खेळ नको, खिसा बदलतो, रक्कम तीच राहते.

लुलादा न गाळता, ठेचून करता हे उत्तम. गर आणि तंतू पोटात जातात. उलट अवेनाबद्दल फार निश्चिंत राहू नका. ओट्स जितके जास्त शिजवाल आणि घोटाल तितकी रक्तातली साखर लवकर चढते, वर दुधाची स्वतःची साखर असतेच. ग्लास लहान घ्या आणि जेवणाबरोबर घ्या, अधूनमधून तहान लागली म्हणून नको.

स्टीव्हियाबद्दल: २०२३ मध्ये याच संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असल्या गोडव्यांवर विसंबू नका असं सांगितलं, आणि त्यात स्टीव्हियाही आला. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नाही. सासूबाई अजून अलीकडच्या तीरावर आहेत, तेव्हा जिभेलाच कमी गोडाची सवय लावलेली बरी. एकदम निम्मं करू नका. दर आठवड्याला थोडी थोडी साखर उतरवा आणि घरात जाहीर करू नका.

---

मेदेयीनकर

ताई, मी तिकडे काही वर्षं नोकरीला होतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर अंतिओकियात, म्हणजे मेदेयीन शहराच्या प्रांतात, आहे. तिथली मासामोरा आठवा: शिजवलेला मका, त्यावर दूध, आणि वाडग्यात साखरेचा कणही नाही. गोड हवं तर बाजूला पानेलाचा खडा किंवा पेरूची वडी, घास घेतला की तिचा एक तुकडा मोडायचा. गोड कुणाला किती हे ज्याचं त्याने ठरवायचं. चाम्पूसलाही तेच लावा. मेलाओ वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्याने त्याने वरून चमचाभर घ्यावा.

फक्त एक बदल करा, आणि तोच महत्त्वाचा. तुमचा सगळा मसाला पाकात आहे. त्यामुळे पाक कमी केला की दालचिनी, लवंग आणि संत्र्याची पानंही कमी होतात, म्हणून ते फिकं आणि पिठूळ लागतं. मसाला मक्याच्या पाण्यातच शिजवा. अननस चांगला पिकलेला घ्या, अगदी बारीक चिरा आणि शेवटी घाला, म्हणजे प्रत्येक घोटात एखादा तुकडा येतो.

आग्वापानेलाही त्याच वाटेने. आधी पाण्यात दालचिनी, ठेचलेलं आलं आणि दोन लवंगा चांगल्या दहा-पंधरा मिनिटं उकळा, मग लिटरला ४० ग्रॅम पानेला. शक्य तितकी गडद रंगाची घ्या, तिला मळीची चव जास्त असते, थोडक्यात भागतं. चीज ठेवाच. खारट घास आला की पुढचा घोट आपोआप गोड लागतो.

---

काळं मीठ

लुलादाबद्दल बोलते. लुलो कधी खाल्लेला नाही, पण आंबटाशी झगडा आयुष्यभर केलाय. तुम्ही आधीच आंबट फळात लिंबू पिळताय आणि मग ते आंबट मारायला साखर घालताय. लिंबूच काढून टाका की!

दुसरं, बर्फ. जीभ गारठली की गोड कमी कळतं, आणि बर्फ वितळला की पेय पातळ होतं, म्हणून साखर आणखी चढवावी लागते. लुलोचा थोडा गर फ्रीजरमध्ये गोठवा आणि बर्फाऐवजी तेच खडे टाका. आणि चिमटीत मावेल त्याहून कमी मीठ. खारट लागता कामा नये, लागलं तर जास्त झालं.

---

साखरसम्राट

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा काळी कॉफी प्या. कोलंबियात राहून रसाची चर्चा!

---

अँडीजची सून

@साखरसम्राट, इथल्या खेड्यात कॉफीसुद्धा आग्वापानेलातच उकळतात. सुटका नाही. :)

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं थोडं करून पाहिलं, ते सांगते.

लुलादात लिंबू नाही म्हटल्यावर सासूबाईंनी हात वर केले. लिंबू नसेल तर ते कालीचं नाहीच म्हणे. मग मधला मार्ग निघाला: रस नाही, लिंबाची हिरवी साल अगदी हलकी किसून घातली. पांढरा भाग आला तर कडू होतं, म्हणून दोन-चार वेळाच किसणी फिरवायची. वास पुरा लिंबाचा, आंबटपणा लुलोचा. पिकून मऊ पडलेले, पूर्ण केशरी लुलो घेतले, देठाजवळ हिरवे असलेले नाहीत, त्याने बराच फरक पडला. गोठवलेल्या गराचे खडे भारी. वाटीभर साखरेच्या जागी आता तीन चमचे जातात आणि जग रिकामा होतो. मिठाचं मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

चाम्पूसचा मसाला पाकातून मक्यात हलवल्यावर पातेल्याचा वासच बदलला, हे सासूबाईंनीही मान्य केलं. मेलाओ वेगळा ठेवला. पण त्यांचा 'एक चमचा' हा वाढायचा डाव असतो, तेव्हा आता मेलाओच्या भांड्यात मुद्दाम चहाचा चमचा ठेवते.

आग्वापानेलावर वाटाघाटी चालू आहेत. लिटरला १०० वरून ७० ग्रॅमवर आलोय. त्याखाली गेलं की 'आल्याचं पाणी' असा शेरा येतो. खडीसाखर ताईंचं ऐकून गुपचूप उतरवत राहीन.

सांताफेरेन्यो चॉकलेट, म्हणजे इथलं गरम चॉकलेट, सोपं निघालं. बोगोटात ते घुसळून फेसाळ करतात, घुसळायला आपल्या रवीसारखीच लाकडी मोलिनिल्यो असते, आणि कपात चीज बुडवतात. बिनसाखरेच्या चॉकलेटच्या वड्या दुकानात सहज मिळतात. फेस भरपूर आणला की अर्धा चमचा साखरही पुरते.

राहिलं लिमोनादा दे कोको. कार्ताहेनाकडचं, नारळाचं दूध आणि लिंबू घुसळून. बाहेर ते मिल्कशेकसारखं दाट देतात, कंडेन्स्ड मिल्क ओतून. घरी ते वगळलं तर पांचट होतं, आणि नुसतं दाट नारळाचं दूध घेतलं तर जड. इथे कुणी कोकणातलं आहे का?

---

मालवणी खाजं

आहे आहे. डबाबंद दूध आणू नका, अख्खा नारळ आणा. सोलकढीला काढतो तसं दूध काढा, पण पहिलं दाट दूध बाजूला ठेवा, ते रात्रीच्या मासळीच्या कालवणात जाईल. पेयाला दुसरं दूध घ्या. पांचट होऊ नये म्हणून त्यात पाण्याऐवजी शहाळ्याचं पाणी आणि शहाळ्यातली कोवळी मलई घालून मिक्सरला लावा. मलईने दाटपणा येतो आणि शहाळ्याच्या पाण्याचा थोडा गोडवा असतोच. त्यावर ग्लासाला एक चमचा साखर पुष्कळ झाली. तीही नको असेल तर एक महिना कळ काढा.

लिंबू सगळ्यात शेवटी. आधी घातलंत आणि ठेवून दिलंत तर दूध फाटल्यासारखं होतं आणि वर तेलकट थर येतो. दूध, मलई, बर्फ एकदा फिरवा, लिंबू पिळून परत पाच-सहा सेकंद फिरवा आणि लगेच ग्लासात. शहाळं मिळत नसेल तर सांगा, मग खवलेल्या ओल्या खोबऱ्यावर काहीतरी बघू.

---

अँडीजची सून

बोगोटा २,६०० मीटरवर, नारळ येतो तो खालून किनाऱ्याहून. जून नारळ सगळीकडे असतो, पण आमच्या बाजारात शहाळं मिळेलच असं नाही. शनिवारी चक्कर मारते. नाहीच मिळालं तर खोबऱ्याचा उपाय इथेच लिहून ठेवा, प्लीज.