राकसकोप आणि बोकनूर-नावगे पठार: हायब्रिड सायकल चालेल का?

प्रश्न (हिंदवाडी७००सी)

नमस्कार मंडळी. बेळगावहून बेळगुंदीमार्गे राकसकोप जलाशय, तिथून बोकनूर-नावगेच्या बॉक्साइट पठाराकडचे जुने खाणरस्ते आणि जमलं तर तुडयेच्या बाजूनं परत, असा एका दिवसाचा बेत आहे. सायकल साधी हायब्रिड आहे: ७००×३५ टायर, ट्यूबवाली, मेकॅनिकल डिस्क ब्रेक, पुढं ४८/३८/२८ दातांच्या चकत्या, मागं १२-३२. माझं वजन ७२ किलो. गावातल्या रस्त्यावर ७० पीएसआय हवा ठेवतो.

यावर भागेल की कच्च्या रस्त्यासाठीची वेगळी ग्रॅव्हल बाइक घ्यावी लागेल? टायर कोणत्या रुंदीचा, हवा किती, आणि कोणत्या महिन्यात जावं? तिकडच्या तांबड्या चिखलात चेन आणि ब्रेकची वाट लागते म्हणतात, ते कितपत खरं?

उत्तर १ (सडा_आणि_मुरूम)

नवी सायकल नको. टायर बदला आणि हवा कमी करा, निम्म्याहून जास्त काम तिथंच होतं.

आधी जमीन समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावरच ठरतं. हा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा कातळ. वरचं कवच लोखंडासारखं घट्ट आणि खडबडीत, त्यावर वाटाण्यापासून सुपारीएवढे गोल खडे सुटे पसरलेले. घट्ट तळावर सुटे गोल खडे असले की चाकाखाली ते बेअरिंगच्या गोळ्यांसारखे फिरतात. त्यामुळं सरळ जाताना काही वाटत नाही, पण वळणावर हँडल वळवलं किंवा पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक सटकतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचा आणि बाहेरच्या पायावर वजन टाकायचं.

७० पीएसआयवर टायर खड्यावरून उडतो, त्याला पकडत नाही. फ्रेम आणि फोर्कमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना निदान ५-६ मिमी मोकळी जागा राहत असेल तर ७००×४० घाला, नाहीतर ३८. मधे बारीक, दाट नक्षी आणि कडेला ठळक गुठळ्या असलेला टायर इथं चांगला. माउंटन बाइकच्या उंच गुठळ्या कातळावर नुसत्या वळवळतात. तुमच्या वजनाला ४० च्या टायरमध्ये ट्यूब असेल तर मागं ४५, पुढं ४० पीएसआय. ट्यूबलेस असेल तर मागं ३३-३५, पुढं ३०. ट्यूब ठेवून याच्या खाली गेलात तर जांभ्याच्या कडेवर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ३५ च्याच टायरवर जाणार असाल तर मागं ५५, पुढं ५०, आणि उतारावर सबुरीनं.

गिअर तर तुमचे चांगलेच आहेत. २८ पुढं, ३२ मागं म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात जेमतेम १.९ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी ७ किमीच्या आत. सुट्या मुरमाच्या चढाला हेच हवं. चढावर सीटवरून उठू नका, मागच्या चाकावरचं वजन गेलं की ते जागेवर फिरतं.

जुने खाणरस्ते टिपरसाठी केलेले, त्यामुळं रुंद आणि फार चढे नसतात. पण खाण थांबली की गटारं काढायला कोणी राहत नाही. पाणी चाकोरीतूनच वाहतं आणि उताराच्या दिशेनं लांब घळ पडते. तिच्या काठानं समांतर जाऊ नका, चाक आत गेलं की बाहेर येत नाही. शक्य तितकी आडवी ओलांडा.

उत्तर २ (खानापूर_पायवाट)

मोसमाचं सांगतो. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. जमीन बसलेली असते, फुपाटा कमी आणि ऊन सोसवतं. त्या पट्ट्यात रताळी काढायचे दिवसही त्यातच येतात, तेव्हा अरुंद रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली असतात. त्यांना आधी वाट द्या, त्यांचं काम खोळंबवू नका. मार्चपासून फुपाट्यानं चेन खाल्ली जाते. जून ते सप्टेंबर पठारावर कातळ शेवाळलेला असतो आणि खाणरस्त्यावर राड, तेव्हा डांबरी रस्त्यावरच फिरा.

तांबड्या मातीबद्दल ऐकलंय ते खरं आहे. लोहाचा अंश असलेली ही बारीक माती तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. कोरड्या मोसमात वॅक्सचं किंवा ड्राय ल्यूब (सुकं राहणारं वंगण) वापरा, प्रत्येक कडीवर एक थेंब, आदल्या रात्री, आणि वरचं सगळं फडक्यानं पुसून काढा. जाड तेल ओतलंत तर दुपारपर्यंत चेनवर तांबडा लेप बसलाच म्हणून समजा. आठ गिअरची चेन ०.७५ टक्के ताणली की बदलायची. उशीर केलात तर कॅसेटही बदलावी लागते.

ब्रेकमध्ये रेझिन पॅड असतील तर ओल्या मुरमात ते फार लवकर झिजतात. सिंटर्ड म्हणजे धातूचे पॅड बसवा, पण आधी डिस्कवर ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं नाही ना ते बघा. तसं असेल तर सिंटर्ड पॅड त्या डिस्कला खातात. मेकॅनिकल ब्रेकमध्ये पॅड झिजले की लिव्हर हँडलपर्यंत येतं. केबलचा ॲडजस्टर बोटांनीच वाटेत फिरवता यायला हवा, आणि बोल्टांसाठी ५ मिमीचा ॲलन की जवळ असू द्या.

धुताना प्रेशर पंपाचं पाणी हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पायडलच्या आसावर) मारू नका. माती आत जाते आणि ग्रीस बाहेर.

हिंदवाडी७००सी

फार आभार. अजून दोन शंका. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर तलावाचा तळ उघडा पडतो, तिथून कडेकडेनं जाता येईल का? आणि खाणीच्या खड्ड्यांजवळून वाट काढायची का?

उत्तर ३ (काजूबाग)

दोन्हींना नको म्हणेन, आणि कारणं वेगवेगळी आहेत.

तलावाचा उघडा तळ वरून भेगाळलेला, टणक दिसतो. खाली एक-दोन इंचांवर गाळ ओलाच असतो. पुढचं चाक रुततं आणि माणूस हँडलवरून पुढं जातो. शिवाय राकसकोपचं पाणी बेळगावकरांच्या पिण्याचं आहे. ल्यूब लागलेली सायकल त्यात धुणं किंवा काठावर कचरा टाकणं अजिबात नको. धरणाच्या बांधावर जायचं तर तिथल्या माणसाला विचारून. जिथं पायवाट संपून शेत लागतं तिथं मागं फिरा. पिकाभोवती विजेच्या झटक्याच्या तारा असतात. संपूर्ण वळसा पडलाच पाहिजे असा हट्ट नको.

खड्ड्यांचं जास्त गंभीर आहे. जांभ्याचं कवच कडक, पण त्याच्या खाली चिकणमातीसारखा मऊ थर. पाऊस तो खालचा थर पोखरतो आणि वरची कड छज्ज्यासारखी बाहेर राहते. वरून भक्कम दिसते, आणि वजन पडलं की एकदम तुटते. काठापासून निदान ५ मीटर लांब, आणि फोटोसाठीसुद्धा पुढं नाही. साचलेलं पाणी निळंशार दिसलं तरी उतरू नका: काठ सरळसोट असतो, पकडायला काही नसतं. खाण बंद दिसली तरी जमीन कोणाची तरी असते, जवळच्या गावात आधी विचारून घ्या.

संध्याकाळी गवे पाण्यावर येतात. कळप दिसला की थांबा, घंटी वाजवू नका, मधून घुसू नका, त्यांना जाऊ द्या. दुपारी तीनला परतीच्या वाटेला लागलात तर अंधाराच्या आत डांबरी रस्त्यावर याल. पठारावर सावली नाही, माणशी ३ लिटर पाणी घ्या. तुडयेकडं गेलात की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. मदतीचा ११२ नंबर दोन्हीकडं चालतो, पण सखल भागात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

सडा_आणि_मुरूम

एक राहिलं. तुमच्या रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ असं लिहिलेलं नसेल तर टेप लावून जुगाड करू नका. कमी हवेत टायरची कड रिमवरून निसटते. त्यापेक्षा ट्यूबमध्येच ६० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, भरा. हायब्रिडला बहुधा मोटारसायकलसारखाच वॉल्व्ह असतो, त्याची पिन काढून भरता येतं. बाभळीच्या काट्याला एवढं पुरतं. उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा पुन्हा भरा. धारदार चिपेनं टायरची बाजू फाटली तर मात्र सीलंट उपयोगाचं नाही. जुन्या टायरचा ५×८ सेंमी तुकडा बरोबर ठेवा, तो आतून लावा, वर नवी ट्यूब, आणि ३५ पीएसआयवर हळूहळू घरी या.