'तहलका': खळबळ, सापळा की शोधपत्रकारिता?

प्रश्न

'तहलका' या नियतकालिकाच्या उदयास्तावर मराठीत लेख लिहिते आहे. नावाचा अर्थ 'खळबळ' एवढाच द्यावा का? आणि त्यांच्या सगळ्या कामाला सरसकट 'शोधपत्रकारिता' म्हणावे का? काही बातम्यांना तो शब्द चपखल बसतो, काहींना ओढूनताणून लावल्यासारखा वाटतो.

प्रतिसाद

नावापुरते 'खळबळ' योग्यच. हिंदीत 'तहलका मचना' आणि आपल्याकडे 'खळबळ माजणे'. पण मूळ अरबी 'तहलुका'चा अर्थ नाश, सर्वनाशाची वाट. 'हलाक' त्याच धातूतला आणि आपली 'हलाखी'सुद्धा. उर्दू-हिंदीत नाश मागे पडला आणि नाशाच्या भीतीने उठणारा गोंधळ तेवढा उरला. आपण तो तिथूनच घेतला. 'तेहेलका' हे लेखन रोमन अक्षरांवरून आलेले आहे, मराठीत 'तहलका'च लिहावे.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर, कारण वर्तमानपत्रांत इथे फार ढिलाई होते.

स्टिंगसाठी मराठीत 'सापळा' आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा रचतो आणि लाच घेणाऱ्याला रंगेहाथ पकडतो, हे आपण रोज वाचतो. तिथे आधी कुणीतरी लाच मागितलेली असते, तक्रार आलेली असते. १३ मार्च २००१ रोजी 'तहलका'ने जे जाहीर केले त्यात तसे नव्हते. वार्ताहरांनी 'वेस्ट एंड इंटरनॅशनल' ही अस्तित्वातच नसलेली कंपनी उभी केली, लष्कराला थर्मल कॅमेरे विकायचे आहेत असे सांगत ते दारोदार फिरले आणि भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण एक लाख रुपये घेताना छुप्या कॅमेऱ्यात दिसले. इथे मागणीच्या आधी आमिष आहे. म्हणून 'सापळा' म्हणावे, पण आमिष कुणी दाखवले तेही त्याच वाक्यात सांगावे.

याउलट २००७ चे गुजरात प्रकरण. २००२ च्या दंगलीतले आरोपी आपण काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगत होते. वार्ताहर आशिष खेतान यांनी ओळख लपवली होती, कॅमेराही छुपाच होता, पण गुन्हा आधीच घडून गेला होता आणि तो दडलेला होता. तो खणून काढला, हा शोध. २०१२ मध्ये, त्याच दंगलीतल्या अहमदाबादच्या नरोडा पाटिया हत्याकांडाच्या खटल्यात, विशेष न्यायालयाने ही चित्रमुद्रणे पुरावा म्हणून विचारात घेतली. तेव्हा कॅमेरा छुपा होता की उघड, यावर शब्द ठरवू नये. जे बाहेर आले ते आधीपासून होते का, हे पाहावे.

त्यावर

म्हणजे लक्ष्मण प्रकरण हलके ठरते का? मला ते पटत नाही. त्यांनी पद सोडले, संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी राजीनामा दिला, २०१२ मध्ये न्यायालयाने लक्ष्मण यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली.

उत्तर

हलके मुळीच नाही. तो गौप्यस्फोट होताच. पण 'गौप्यस्फोट' हे फळाचे नाव आहे, पद्धतीचे नाही. पद्धतीची किंमत त्यांना मोजावी लागली. याच मोहिमेत लष्करी अधिकाऱ्यांना भुलवायला वेश्या पुरवल्या होत्या, हे उघड झाल्यावर सहानुभूती असलेलेही बिथरले. सरकारने मात्र पद्धतीवर न थांबता 'तहलका'त पैसा गुंतवणाऱ्या कंपनीमागे चौकश्यांचा ससेमिरा लावला आणि २००० साली संकेतस्थळ म्हणून सुरू झालेले 'तहलका' जवळजवळ बंद पडले. २००४ च्या जानेवारीत ते साप्ताहिक म्हणून पुन्हा उभे राहिले ते वाचकांनी आगाऊ वर्गणी भरली म्हणून. त्या वाचकांचा उल्लेख लेखात जरूर करा.

प्रतिसाद

२०१३ बद्दल लिहिताना शब्द फार जपून वापरावेत. गोव्यात 'तहलका'च्या 'थिंक फेस्ट' या चर्चामहोत्सवाच्या वेळी संपादक तरुण तेजपाल यांनी हॉटेलच्या लिफ्टमध्ये लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार एका कनिष्ठ सहकारी तरुणीने केली. तेजपाल यांनी आरोप नाकारला. जुलै २०१४ मध्ये झाली ती 'जामिनावर सुटका'. २१ मे २०२१ रोजी म्हापशाच्या सत्र न्यायालयाने दिली ती 'निर्दोष मुक्तता'. दोन्हीकडे नुसते 'सुटका' लिहिले की घोटाळा होतो. निकालाविरुद्ध गोवा सरकार उच्च न्यायालयात गेले, तेही नोंदवा. आणि 'पीडिता'पेक्षा 'तक्रारदार' लिहा. निकालपत्रात तिच्या घटनेनंतरच्या वागण्याची जी चिकित्सा झाली, तिच्यावर कडक टीका झाली, हेही गाळू नका.

आणखी एक. तक्रार आल्यावर तेजपाल यांनी आपण सहा महिने दूर राहून प्रायश्चित्त घेत असल्याचे कळवले होते. आपल्याकडे प्रायश्चित्त सांगायला दुसरे कुणीतरी लागते. दोष कबूल करणारा ते पत्करतो, पण किती आणि कसले, हे स्वतः ठरवत नाही. इतरांना जाब विचारण्यावर ज्या साप्ताहिकाने नाव मिळवले, त्याच्या संपादकाने आपली शिक्षा आपणच ठरवावी, यानेच अनेक जुने वाचक दुखावले. व्यवस्थापकीय संपादक शोमा चौधरी यांनीही राजीनामा दिला. इथे 'स्वतःच ठरवलेले प्रायश्चित्त' असे लिहिलेत तर वाचकाला सगळे कळेल.

प्रश्नकर्ती

आभार. मग शीर्षकातला 'उदयास्त' ठेवू का?

उत्तर

'अस्त' नको. त्यानंतरही अंक निघत राहिले, फक्त पूर्वीचा दरारा राहिला नाही. 'उदय आणि उतरती कळा' असे करा.