मैत्रीपूर्ण सामने वगळू नयेत

हंगामाच्या अखेरीस कर्लिंग (बर्फावरून दगड सरकवत लक्ष्याच्या वर्तुळाकडे नेण्याचा खेळ) क्लबने केवळ बाद पद्धतीच्या स्पर्धा घ्याव्यात, अशी एक सूचना आली आहे; ती मला पटत नाही. चौघांच्या संघात प्रत्येक खेळाडू एका एंडमध्ये, म्हणजे सामन्यातील एका डावात, दोनच दगड सोडतो आणि डावपेच ठरवणारा स्किप बहुधा हंगामभर एकच राहतो. मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी चिठ्ठ्या टाकून संघ पाडले, तर नवख्यालाही हाऊसमध्ये, म्हणजे लक्ष्याच्या वर्तुळात, उभे राहून दगड किती वळेल याचा अंदाज घेण्याची, दगडापुढचा बर्फ ब्रशने कधी घासायचा हे सांगण्याची संधी मिळते, जी चषकाच्या लढतीत त्याला सहसा कोणी देणार नाही. मिश्र दुहेरीचाही विचार अवश्य व्हावा. २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झालेल्या या प्रकारात प्रत्येक जोडी एका एंडमध्ये पाचच दगड खेळते आणि दोन्ही बाजूंचा एकेक दगड आधीच मांडलेला असतो, त्यामुळे सामना लवकर आटोपतो. चषकाचे सामने जरूर व्हावेत. मात्र पहिल्याच फेरीत हरलेल्या संघांना त्याच दिवशी आपसांत मैत्रीपूर्ण सामना मिळावा, आणि खेळानंतर विजेत्यांनी पराभूतांना पेय देऊन एकत्र बसण्याची या खेळातील जुनी, मला फार प्रिय असलेली रीत तेव्हाही पाळली जावी.