अमेरिकेत मक्याची सरकारी मदत: शेतकऱ्याला की जमिनीला?

मक्यातला_माणूस (आयोवा)
आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मका आणि सोयाबीन सोडून डोळ्यांना काही दिसत नाही. २०१४ च्या फार्म बिलाने, म्हणजे शेती कायद्याने, भाव पडो न पडो मिळणारी थेट मदत बंद केली, म्हणून लोक खूश झाले. तिच्या जागी आल्या एआरसी आणि पीएलसी या दोन योजना. पीएलसीत बाजार ठरलेल्या आधारभावाखाली गेला की फरक मिळतो. एआरसीच्या काउंटी प्रकारात अख्ख्या काउंटीचं सरासरी उत्पन्न पडलं तर पैसे. गंमत अशी की दोन्ही मिळतात ‘बेस एकर’वर, म्हणजे पूर्वीच्या पेऱ्याच्या नोंदीवर, तेही ८५ टक्के क्षेत्राला. यंदा त्या जमिनीत काय पेरलं, हे कोणी विचारत नाही. २०२५ च्या कायद्याने मक्याचा आधारभाव बुशेलला (सुमारे २५ किलोला) ३.७० वरून किमान ४.१० डॉलर केला आणि वर्षाच्या मदतीची माणशी मर्यादा सव्वा लाखावरून १ लाख ५५ हजार डॉलरवर नेली. भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी, हे आलंच. छोटा यात कुठे आहे?

कर्जवाला_नेब्रास्का
साहेब, मी शेतकऱ्यांचे हिशेब रोज बघतो. २०१२ च्या दुष्काळात मका ७ डॉलरच्या वर होता, २०१४ मध्ये ४ च्या खाली. खताचं बिल आणि कंबाइनचा (कापणी-मळणी यंत्राचा) हप्ता असे उतरत नाहीत. २०१८ मध्ये चीनने सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं, ते शेतकऱ्याच्या चुकीमुळे का? भांडण वॉशिंग्टनने काढलं, मग भरपाई त्यांनीच द्यायची.

मक्यातला_माणूस (आयोवा)
भरपाईच म्हणताय, तर ती कशी वाटली तेही सांगा. २०१८ ला सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर आणि मक्याला एक सेंट! २०१९ ला काउंटीनुसार दर, एकरी १५ पासून १५० डॉलरपर्यंत. रस्त्याच्या अलीकडे एक काउंटी, पलीकडे दुसरी. माती तीच, चेक वेगळा.

पऱ्हाटी_यवतमाळ
तुमचं मक्याचं चालू द्या, आमचा कापूस बघा. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. शेवट २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन मिटवामिटवी. ब्राझीलला पैसे, आमच्या हाती काय? वर २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढलं. तिकडचा अनुदानाचा कापूस तेव्हा इकडे विनाशुल्क.

जिनिंगवाला
भाऊ, सगळं खापर अमेरिकेवर नको. २०१२ च्या मार्चमध्ये भाव असताना कापसाची निर्यातबंदी कोणी केली? दिल्लीने. आणि लांब धाग्याला २०२५-२६ चा ८,११० रुपये हमीभाव होताच की.

पऱ्हाटी_यवतमाळ
हमीभाव कागदावर आहे हो. ओलावा जास्त म्हणून गाडी परत फिरली की व्यापाऱ्याच्याच दारात जायचं. तुम्ही काय दर देता ते लिहा ना इथे.

कर्जवाला_नेब्रास्का
मूळ मुद्द्यावर येऊ. मर्यादा कमी करा, माझी हरकत नाही. पण मदत काढली तर आधी कर्जबाजारी कूळ बुडेल, जमीनमालक नाही.

मक्यातला_माणूस (आयोवा)
आणि मदत वाढली की खातो कोण? रोख खंडावर जमीन कसणाऱ्याच्या नावे चेक येतो, मान्य. पण आयोवात १ सप्टेंबरच्या आत खंडाचा करार संपवायची नोटीस दिली नाही, तर करार आपोआप पुढे चालतो. म्हणून खंडाची घासाघीस ऑगस्टमध्येच होते. आधारभाव वाढलाय हे मालकाला माहीत नसतं असं वाटतं का तुम्हाला?